बिस्किटांच्या भट्टीतले तीन बुश

दिल्लीहून परत आल्यापासून जो भेटतो तो मला कुतुबमिनाराबद्दल विचारतो. पाहिला मी कुतुबमिनार. बसच्या खिडकीतून पाहिला आणि धुक्यामुळे कमरेपर्यंतच दिसला. ताजमहाल पाहिला नाही, लाल किल्ल्याच्या दाराशीही गेले नाही. मी पाहिलं ते फरिदाबादचं एक मोल्डिंगचं शेड, अर्धवट बांधलेली द्वारका, मुनिरका गावातली एक बिस्किटांची भट्टी आणि पानिपत. त्यामुळे ज्यांना दिल्लीच्या सहलीची माहिती हवी असेल त्यांनी हे वाचून उपयोग नाही. ज्यांना चांगली नानखटाई कुठे मिळते हे हवं असेल त्यांनी जरूर वाचावं.

नव्वदीचं दशक मध्यावर आलं आहे. बाहेरच्या मालाला दारं उघडली आहेत आणि आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना एकाच वेळी उत्साह आणि धडकी भरली आहे. आमचा कारखाना पुण्याच्या बाहेर. तिथे आम्ही चार जण, तीन वर्षं, एकाच प्लास्टिकच्या मागे लागलो होतो. प्लास्टिक म्हटलं की लोकांना बादली आठवते. हे त्या घराण्यातलं नव्हे. याच्या रेणूंच्या साखळीत बेन्झीनची षटकोनी कडी एकामागे एक ओवलेली असतात, म्हणून याला अॅरोमॅटिक पॉलिमर म्हणतात. ही कडी सहजासहजी हलत नाहीत. उकळतं पाणी, दाबाखालची वाफ, तेल, आम्ल यांतलं बहुतेक सगळं ते निमूट सोसतं. परदेशात ते विमानांत आणि पंपांत वापरतात. आपल्याकडे ते कुणी केलेलं आमच्या ऐकिवात नव्हतं.

तीन वर्षांत आमच्या हाती आला तो तीन किलो चांगला माल. त्याआधीचा सगळा काळा पडलेला, ठिसूळ किंवा नुसताच चिकट. कारखान्याच्या मालकांनी आमच्या दातेसरांना बोलावून सांगितलं होतं की होळीपर्यंत एकाही गिऱ्हाइकाने होकार दिला नाही, तर आमचं प्लास्टिक शिजवायचा रिअॅक्टर रंगांच्या कामाला लावायचा. दातेसर निवृत्तीला आलेले. त्यांनी ते मला सांगितलं आणि चष्मा पुसत राहिले, बराच वेळ.

गिऱ्हाईक एकच होतं. पानिपतला ब्लँकेटचं सूत रंगवणारे बतराजी. त्यांच्या परदेशी रंगाईच्या यंत्रात फिरणाऱ्या दांड्याभोवती एक बांगडीसारखा बुश बसतो. उकळत्यापेक्षा जास्त गरम पाण्यात तो सारखा झिजायचा आणि नवा यायला महिनोन्महिने लागायचे. त्यांनी कळवलं होतं की येत्या सोमवारी यंत्र दुरुस्तीला उघडणार आहे. तुमचा बुश त्या दिवशी आणा. पुढची संधी होळीनंतर.

ऑफिसात निघताना प्रत्येकाने एकदा तरी म्हणून घेतलं, "पानिपतला चाललीस? जपून गं." दातेसर तेवढे म्हणाले नाहीत. त्यांनी मला चाचणीचा फॉर्म दिला आणि नेहमीचं वाक्य ऐकवलं, "सुमेधा, जे घडेल तेच लिहायचं. एकही रकाना रिकामा नको."

आर. के. पुरम

माझी शैलामावशी आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टरमध्ये राहते. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात. वीस वर्षं दिल्लीत काढल्याने मावशीचं मराठी आतून पुणेरी आणि बाहेरून दिल्लीवालं झालं आहे. दार उघडताच म्हणाली, "आलीस? चलो, आधी हात धू. गरमागरम पराठे आहेत. आणि हे काय, डबा छातीशी धरून आलीस?"

डब्यात आमच्या प्लास्टिकचे तीन किलो दाणे होते. पुण्यात नीट वाळवून, हवाबंद करून आणलेले. रंग दूध जास्त झालेल्या चहाचा. मावशीने ते हातात घेऊन वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. वास नावालाही नव्हता.

दिल्लीची थंडी मी ऐकून होते, पण ती पलंगातून येते हे ठाऊक नव्हतं. रजईत शिरलं की पहिली पाच मिनिटं रजईच माझ्याकडून ऊब घेत होती. पुण्याच्या थंडीत आपण स्वेटर घालून मिरवतो. इथे लोक स्वेटरवर स्वेटर, वर शाल आणि डोक्याला माकडटोपी घालून चेहऱ्याचा तेवढा भाग उघडा ठेवतात जेवढ्याने मुळा खाता येतो. मुळा मात्र खावा तर इथलाच. मीठ-लिंबू लावून काका एकेका जेवणाला दोन संपवत. ते फाइल वाचत तसेच मुळा खात, वरून खाली, काही न सोडता.

स्वयंपाकघराच्या फडताळावर एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यावर रंगाने 'जोशी, सेक्टर चार' असं लिहिलेलं. त्यात बिस्किटं होती. विकतची नव्हेत आणि घरची म्हणावी तर घरी भाजलेलीही नव्हेत. इकडे लोक कणीक, तूप आणि साखर घरून घेऊन भट्टीवर जातात. भट्टीवाला समोर पीठ मळतो, भाजतो आणि तुमच्याच डब्यात भरून देतो. आपल्याकडे गिरणीत दळण नेतात, तसंच.

"भट्टीवर नंबर लागतो," मावशी म्हणाली. "मी रविवारचा पकडते. नसीमभाई हात चांगला लावतात. बिल्कुल खुसखुशीत."

मी एकावर एक सहा खाल्ली आणि सातवं हातात घेऊन झोपले.

फरिदाबाद

शनिवारी फरिदाबाद, दाण्यांचे बुश साच्यात ओतून घ्यायला. गुरदीपसिंग यांचं मोल्डिंगचं शेड म्हणजे वर पत्रा, खाली दोन यंत्रं आणि मधोमध शेगडी. सरदारजी साठीचे, हात भाजल्याच्या खुणांनी भरलेले, आवाज यंत्रापेक्षा मोठा. त्यांनी आयुष्यभर नायलॉनचे गिअर आणि कुकरच्या मुठी काढलेल्या. माझ्या कागदावरचं तापमान वाचून ते म्हणाले, "तीन सौ अस्सी? बीबी, इतने में तो मेरी मशीन का पकौड़ा बन जाएगा."

यंत्राचं भजं झालं नाही. हीटर बदललेले होते, सकाळभर तापवत बसलो आणि दुपारी पहिला माल वाहिला. मधासारखा, दाट, एकसारखा. तीन वर्षांत मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी शेगडीच्या धुरावर ढकललं.

आणि मग मी चूक केली. सगळं सुरळीत चाललंय म्हणून जेवायला बाहेर पडले. नाक्यावर छोले-कुलच्याची गाडी होती. कांदा व्हिनेगरमध्ये गुलाबी केलेला. मी दोन प्लेट खाल्ल्या, मग शेजारच्या बूथवरून दातेसरांना फोन लावला आणि आनंदाने सांगितलं, सगळं उत्तम. या सगळ्यात पाऊण तास गेला.

परत आले तेव्हा सरदारजी एक बुश धोतराच्या फडक्याने पुसत बसले होते. समोर आणखी दोन. बाकीचे अर्धवट भरलेले कोपऱ्यात. डबा रिकामा.

"देखो बीबी," ते म्हणाले, "शीशे जैसा."

खरंच काचेसारखे होते. गडद तपकिरी, चकचकीत, उजेडात धरले तर पलीकडचं दिसावं असे. आणि तिथेच घात होता. कारण चांगला बुश तसा दिसतच नाही. तो मंद, दुधी, चहाच्या रंगाचा दिसतो. हे प्लास्टिक साच्यात सावकाश थंड झालं तरच त्याचे रेणू रांगेत बसतात आणि मग ते खरं कणखर होतं. झटकन गार केलं की जिथे असतील तिथेच गोठतात. दिसायला देखणं, पण बतराजींच्या गरम पाण्यात ते नरम पडून आक्रसलं असतं.

"साचा किती तापवला होता?" मी विचारलं.

"तापवला कशाला? तापला होता, तर मी पानी छोड़ दिया." ते माझ्याशी अर्धं माझ्या हिंदीसारखं आणि अर्धं त्यांच्या पंजाबीसारखं बोलत, मी इथे मराठीत मिसळून देते आहे. "आपके कागज में साँचा एक सौ अस्सी लिखा था. मैंने सोचा टाइपिंग की गलती है. साँचा तो ठंडा ही रखते हैं. चालीस साल से रखते हैं."

त्यांच्या डोळ्यांत इतका आनंद होता की मला ओरडता येईना. चाळीस वर्षं त्यांनी ज्या रीतीने चांगलं काम केलं, त्याच रीतीने माझं काम बिघडवलं होतं. आणि साचा गरम राहू द्या, पाणी सोडू नका, हे तोंडाने एकदा सांगायला मी तिथे नव्हते. मी कुलचे खात होते.

माल संपला होता. माझ्याकडे तीन देखणे, निकामी बुश होते आणि सोमवार परवावर आला होता.

एकच उपाय होता. बुश पुन्हा दोनशे अंशांवर काही तास भाजायचे आणि मग अगदी हळूहळू गार करायचे. रेणूंना दुसरी संधी मिळते. सरदारजींकडची भट्टी नायलॉन वाळवायची, नव्वदच्या पुढे जात नव्हती. त्यांनी ओळखीच्या चार शेडांत फोन केले. कुणाकडे भट्टी होती ती बंद, कुणाची रंग सुकवायची, धुराने भरलेली. मला बसपर्यंत सोडायला ते स्वतः आले आणि वाटेत एकही शब्द बोलले नाहीत. हे त्यांना फार जड गेलं असणार.

घरी काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "अच्छा. सरकारी प्रयोगशाळेत अशा भट्ट्या असतात. रीतसर अर्ज कर. तीन आठवड्यांत उत्तर येईल."

मावशी पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "दोनशे अंश म्हणजे बिस्किटांएवढंच ना?"

द्वारका

रविवारी सकाळी जोशी कुटुंब दिल्लीच्या कडेला नव्याने वसणाऱ्या द्वारकेला जातं. दर रविवारी. तिथे एका सोसायटीत त्यांचा फ्लॅट आहे, म्हणजे होणार आहे. तिसऱ्या मजल्यावर, सध्या नुसते खांब आणि स्लॅब. काकांची स्कूटर, त्यावर काका, मावशी आणि मधे मी, तीन रजया बांधून नेल्यासारखे आम्ही गेलो. नळ नाहीत, रस्ते नाहीत, दुकानं नाहीत. कीकरची काटेरी झुडपं, विटांचे ढीग आणि त्यांवर मोर. मोर इतके की आपल्याकडे कावळे असतात तसे. डोक्यावरून विमान इतक्या खालून गेलं की मावशीने पदर सावरला.

ती एका खांबाला टेकून म्हणाली, "इथे माझा ओटा. इथे खिडकी. सरकारी क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकायचा तरी काका म्हणतात परवानगी काढ. इथे मी बिल्कुल कुणाला विचारणार नाही."

तिच्या त्या नसलेल्या ओट्याशी उभी असताना मला खाली वाळूचा ढीग दिसला आणि आठवलं की मला वाळू लागणार आहे. बुश वाळूत पुरून भाजले तर सगळीकडून सारखी आच लागते, राख लागत नाही आणि गारही सावकाश होतात. मी पिशवी काढली.

"थांब," काका म्हणाले. "ही सोसायटीची वाळू आहे. सेक्रेटरींना विचारायला हवं."

"आपण मेंबर आहोत," मावशी म्हणाली.

"मेंबर आहोत म्हणूनच."

मग काकांनी खिशातून डायरी काढली, कागद फाडला, 'वाळू, अंदाजे चार किलो, परत करण्याच्या बोलीवर' असं लिहून सही केली आणि चौकीदाराकडे दिला. चौकीदाराने तो घडी करून टोपीत ठेवला. या माणसाने आयुष्यात कधी रांग मोडली नसेल. मला हसू आलं आणि मग एकदम त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

भट्टी

घरी वाळू धुतली, कढईत भाजून कोरडी केली आणि मावशीच्या पुरणाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात भरली. मधे तीन बुश. वर पुन्हा वाळू. घट्ट झाकण.

मुनिरका गावाच्या गल्लीत नसीमभाईंची भट्टी. विटांची, घुमटासारखी, समोर एक लहान तोंड. बाहेर बाकावर बायका आपापल्या डब्यांवर हात ठेवून बसलेल्या. कुणी तेलुगू बोलतंय, कुणी बंगाली, कुणी गढवाली. सरकारी क्वार्टरांतला सगळा भारत तूप घेऊन आला होता.

नसीमभाई बारीक अंगाचे, भुवयांवर पीठ. मावशीने त्यांना सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. ते ऐकून त्यांनी हात पुसले आणि मला विचारलं, "ये प्लास्टिक है न? जलेगा तो बदबू आएगी. लोगों के खाने की जगह है, बेटी."

"जळणार नाही, वासही येणार नाही," मी हिंदीत सांगितलं. "तीनशेपर्यंत हे काहीच सोडत नाही. तरी तुम्हाला शंका असेल तर नको."

त्यांनी डबा हातात घेऊन झाकण दाबून पाहिलं. मग म्हणाले, "आखिरी पीपा निकलने दो. उसके बाद भट्टी खाली है. डब्बा बंद रहेगा. खोलोगी तो बाहर."

शेवटचा डबा भाजून होईपर्यंत दुपार झाली. मी माझा काचेचा तापमापक लाकडी पेटीतून काढला. नसीमभाईंनी तो बघितला आणि आपला काढला. त्यांचा म्हणजे चिमूटभर कणीक. भट्टीच्या तळावर टाकायची आणि ती भुरी होईपर्यंत मोजायचं.

"चार पर भूरा, तो भट्टी तेज. आठ पर, तो नानखटाई. बारह पर, तो रस्क सुखाओ."

त्यांनी टाकली. आम्ही दोघांनी मोजलं. आठ. मी तापमापक आत सरकवला आणि वाट बघितली. दोनशेला दोन कमी. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी मान हलवली, तापमापक बरोबर निघाला म्हणून.

लांब दांड्याच्या फळीवर डबा ठेवून आधी तोंडाशी, मग अर्ध्यात, मग आत, असा तासाभरात त्यांनी तो सरकवला. निखारे एका बाजूला ओढून ठेवलेले. दर अर्ध्या तासाने चिमूट टाकायची आणि मोजायचं. नऊ झाले की दोन निखारे पुढे. सात झाले की तोंडावरचं पत्र्याचं झाकण जरा बाजूला. मी प्रत्येक वेळी फॉर्मवर लिहीत होते. पुण्यातल्या आमच्या भट्टीचा काटा यापेक्षा जास्त हलतो, हे मी त्यांना सांगितलं नाही, पण आता इथे सांगते.

मधल्या वेळात चहा आला, गरम नानखटाई आली. मावशी घरी जाऊन स्वयंपाक आटोपून परत आली. नसीमभाईंनी विचारलं, "ये चलेगा कितने दिन?"

"नीट झाला तर वर्षानुवर्षं."

"बरसों," ते म्हणाले आणि भट्टीकडे बघितलं. "मेरे यहाँ जो बनता है, हफ्ते में खत्म. अच्छा बना तो उसी शाम."

चार तास झाले. निखारे काढून घेतले आणि भट्टीला आपोआप निवू दिलं. विटा उष्णता सोडतात ती इतकी सावकाश की मुद्दाम ठरवूनही तसं जमलं नसतं. रात्र बरीच झाली तेव्हा कुठे डबा हाताला सोसवेल इतका झाला. मी बाकावर वर्तमानपत्र पसरून वाळू उपसली.

पहिला बुश वर आला. मंद. दुधी. चहाच्या रंगाचा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. काच गेली होती.

नसीमभाईंनी एक उचलून दिव्याखाली धरला. "कमाल है. मेरा माल गोरा जाता है, भूरा निकलता है. तुम्हारा उल्टा."

मी माप घेतलं. जरासे आक्रसले होते, पण लेथवर घासायला जागा ठेवलेली होती. मावशीने मला जवळ घेतलं तेव्हा मी रडले. या वेळी धुरावर ढकलायचं कारण नव्हतं.

पानिपत

सोमवारी मावशी माझ्याबरोबर आली. "ब्लँकेट बघायची आहेत," म्हणाली, पण ते निमित्त. बरोबर पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि बिस्किटांचा डबा घेतला होता.

पानिपतच्या गल्ल्यांतून गटारं वाहतात ती रंगीत. एक लाल, एक जांभळं. हवेत ओल्या लोकरीचा वास. रंगाईघरात वाफेत माणसं कमरेपासून वरच दिसत होती. बतराजी उंच, गंभीर, बोलायला कंजूष. मी पुण्याहून आले म्हटल्यावर मात्र त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

"आपके लोग यहाँ पहले भी आए थे."

"जी. तब रसद कम पड़ गई थी," मी म्हटलं. "इस बार मौसी साथ लाई हैं."

ते हसले नाहीत, पण त्यांनी पराठे मागवले. लोण्याचा गोळा आणि पानिपतचं पचरंगी लोणचं. त्या लोणच्यात कमळाचे देठसुद्धा असतात. मावशीने एक बरणी तिथल्या तिथे ठरवून टाकली.

बतराजींच्या मिस्त्रींनी लेथवर एक बुश घासला. छिलका सुतासारखा सलग निघाला, तुटला नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तेवढ्याने मला त्या थंडीत ऊब आली. बुश बसवला, यंत्राचं झाकण लावलं आणि मरून रंगाची घाण सुरू झाली. घाण म्हणजे एका वेळी यंत्रात घालतात तेवढं सूत. तीन-चार तासांचं काम.

"कागज?" बतराजी म्हणाले.

चाचणीचा फॉर्म दोन प्रतींत होता, एक त्यांना द्यायची होती. सगळे रकाने भरलेले होते, एक सोडून. 'अॅनिलिंग: कुठे, कशात', म्हणजे पुन्हा भाजून सावकाश गार केलं ते कुठे. मी पेन हातात धरून बसले. कुणाला वाटेल यात काय एवढं. पण तीन वर्षांचं काम आणि दातेसरांचा पुसलेला चष्मा त्या रकान्यावर येऊन बसला होता. हा माणूस परदेशी बुशशी आमची तुलना करणार आणि मी लिहिणार की आम्ही आमचा नानखटाईच्या भट्टीत भाजला.

मावशी कानाशी म्हणाली, "नुसतं 'दिल्ली' लिही ना यार. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. पण ते खरं का नव्हतं हे मला कळत होतं. मी लिहिलं, 'बिस्किटांची विटांची भट्टी, मुनिरका. वाळूत. भट्टीवाले नसीमभाई यांच्या देखरेखीखाली.' शेजारी साच्यात थंड पाणी गेल्याचंही लिहिलं आणि त्या वेळी मी जागेवर नव्हते हेही. खाली हिंदीत भाषांतर करून दिलं.

बतराजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. "बिस्कुट की भट्टी?"

"जी."

"मज़ाक है?"

"नाही." मी सगळं सांगितलं. कुलच्यांपासून वाळूपर्यंत. सांगता सांगता मावशीने डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी एक बिस्किट उचललं, पण खाल्लं नाही, कागदावर वजनासारखं ठेवून दिलं आणि यंत्राकडे निघून गेले.

उरलेले तीन तास मी लाल गटाराकडे बघत बसले. मावशी ब्लँकेटं बघायलाही गेली नाही.

यंत्र उघडलं. मिस्त्रींनी बुश काढून बतराजींच्या हातात दिला. तो मरून रंगाचा झाला होता. बतराजींनी नखाने खरवडलं. रंग वरवरचा, खाली तोच चहाचा रंग. त्यांनी मापलं. पुन्हा मापलं. मिस्त्रींना मापायला लावलं. मग तो बुश पुन्हा यंत्रात बसवायला सांगितला.

"होली तक यहीं रहेगा," ते मला म्हणाले. "तब तक बारह भेजो." मग कागद उचलला. "दो कंपनियाँ आई थीं. चिकने काग़ज़ की किताबें दे गईं. माल खराब निकला तो पूछा, क्या बदला? बोले, कुछ नहीं. आप भट्टी बदलोगी तो पहले बताओगी?"

"सांगेन. लिहून देते."

"लिख दो."

मी लिहिलं, त्यांनी दोन्ही प्रतींखाली सही केली आणि तेव्हा कुठे कागदावरचं बिस्किट खाल्लं. चघळून झाल्यावर म्हणाले, "नमक थोड़ा कम है." मावशी परतीच्या वाटेत तेवढ्यावरून बोलत राहिली.

परत

मंगळवारी गाडीच्या आधी दोन कामं केली. काकांनी वाळू द्वारकेला पोचवून चौकीदाराच्या टोपीतला कागद परत घ्यायचं कबूल केलं. मी नसीमभाईंकडे गेले. दोन बुश उरले होते. एक पुण्यात तपासणीसाठी लागणार होता. दुसरा मी त्यांच्या हातावर ठेवला. पानिपतला काय झालं ते सांगितलं.

ते पिठाच्या बोटांनी बुश फिरवत राहिले. मग त्यांनी दिव्याच्या कोनाड्यातली काडेपेटी बाजूला सारून तो तिथे ठेवला, जिथे राख उडणार नाही. "तीस बरस में," ते म्हणाले, "इस भट्टी की पहली चीज़ है जो मेरे पास बची." आणि लगेच पुढच्या बाईंच्या कणकेकडे वळले.

पुण्यात दातेसरांनी फॉर्म उभ्यानेच वाचला. भट्टीच्या रकान्याशी थांबले. त्यांनी बतराजींची सही पाहिली, मग नमुन्यांचा तक्ता. एक, पानिपत. दोन, पुणे. तीनपुढे मी लिहिलं होतं, 'भट्टीवाल्यांकडे. परत येणार नाही.'

"नमुना असा देता येत नाही, सुमेधा," ते म्हणाले.

"हो सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पेन उघडलं. मला वाटलं ते वाक्य खोडणार. त्यांनी 'भट्टीवाल्यांकडे' खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'नसीमभाई यांच्याकडे'. मग फॉर्म माझ्या हातात देऊन ते रिअॅक्टरकडे गेले आणि आमच्या माणसाला म्हणाले, "धुवायला घ्या. नवी घाण चढवायची आहे."